उतरवलेलं आढं

"याडी, चहा पिऊन जाय नं," आईला हाक मारावी तशी सून ममता तिसऱ्यांदा म्हणाली. पण रुपीबाईचं चहाकडे लक्षच नव्हतं. खैरी गाय गोठ्याच्या तोंडाशी आडवी उभी होती आणि तिच्यामागे बाकीच्या गाई अडकून पडल्या होत्या.

"सरक व महाराणी," तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारत रुपीबाई म्हणाली. "दिवाळी झाली, पोरींनी शेणावर फुलं वाह्यली, साऱ्याईचं गोडधोड खाऊन झालं. आता तुले कोनाचं आवतन पायजे?"

खैरीनं कान हलवले आणि आपल्या मर्जीनं वाट दिली. एकेक करून गाई अंगणात आल्या. वर कुठे जायचं आहे ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. सगळ्यांची तोंडं आपोआप डोंगराकडे वळली होती.

दिग्रसच्या पलीकडे कपाशीची वावरं संपतात आणि खडकाळ टेकड्या सुरू होतात, तिथे हा तांडा आहे. तांड्यात आता सिमेंटची घरं आहेत, दारात मोटारसायकली आहेत. पण रुपीबाईला कुणी घर विचारलं, तर ती दोन घरं सांगायची. एक तांड्यातलं आणि एक डोंगरावरचं. डोंगरावरच्या घराला त्यांच्याकडे हेटी म्हणतात. दिवाळीनंतर खाली कपाशी आणि तूर उभी असते, गुरं सोडायला जागा राहत नाही. तेव्हा गुरं घेऊन डोंगरावर जायचं, तिथलं वाळलेलं गवत चारायचं, झिऱ्याचं पाणी पाजायचं. होळी जवळ आली की झिरा आटतो. तोवर खालची वावरं मोकळी होतात आणि शेतकरीच बोलवायला येतात, आमच्या वावरात गुरं बसवा, चार दिवस शेणखत पडू द्या म्हणून. एके काळी याच तांड्यातली माणसं बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायची. बैल गेले, माल गेला. पायांना लागलेली सवय तेवढी काही घरांत उरली होती.

आता तीही दोन-तीन घरांतच. त्यांतलं एक रुपीबाईचं.

सुनील, तिचा मुलगा, ओट्यावर बसून तिचं गाठोडं बांधत होता. ज्वारीचं पीठ, तिखट, मीठ, तेलाची बाटली, तापाच्या गोळ्या. तो दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. आज मुद्दाम उशिरा जाणार होता. गाठोड्याची गाठ तो पुन्हा सोडत होता, पुन्हा बांधत होता.

"बांध नं लवकर," रुपीबाई म्हणाली. "ऊन चढते मंग."

"बांधून राह्यलो."

मागच्या साली याच दिवशी घरात केवढं रण माजलं होतं. तू जाऊ नको, तुझं वय झालं, गाई विकून टाकू, एक ठेवू दारात दुधापुरती. सुनीलनं जेवण सोडलं होतं. तरी ती गेली होती. मग पौषात वर तिला ताप भरला, दोन दिवस ती हेटीत पडून राहिली. फोन लागत नाही म्हणून सुनील धावत वर आला आणि तिला पाठीवर घेऊन उतरला. त्यामुळे यंदा मोठं भांडण होणार याची रुपीबाईनं तयारी ठेवली होती. उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती. पण सुनील एका शब्दानं आडवा आला नाही.

"समजदार झाला माह्या पोट्टा," ती ममताच्या कानाशी म्हणाली.

ममता चहाचा कप घेऊन आत निघून गेली.

डोंगराच्या पायथ्याशी मारोतरावांचं वावर होतं. कपाशी फुटली होती आणि त्यांची बायको विमलताई बायांसोबत वेचणी करत होत्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या असलेल्या मारोतरावांनी गाई पाहून हात वर केला.

"निघाली का स्वारी?"

"निघाली, भाऊ."

"होळीनंतर आपल्याच वावरात बसवजो बरं गुरं. मागच्या खेपेले त्या देशमुखाच्या वावरात नेले तुनं. माह्यी बायको अजून बोलते."

"बोलू द्या. तुमी चारा कमी ठेवता," रुपीबाई म्हणाली. विमलताई लांबूनच हसल्या.

"बाकी पोरगा गुणाचा आहे तुह्या," मारोतराव म्हणाले. "पंधरा दिवसाखाली गेलता नं वर. गाडी इथंच लावलती माह्या धुऱ्यावर. म्हटलं, काहून रे? तं म्हणे, हेटीचं काम आहे."

रुपीबाई थांबली. "सुनील?"

"मंग दुसरा कोन?"

सुनील वर जाऊन आला, तेही आपल्या आधी, न सांगता. जागा साफ केली असेल, झिऱ्यातला गाळ काढला असेल. म्हणून भांडला नाही तर! रुपीबाईच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं, की मारोतरावही आपण काहीतरी चांगली बातमी दिली या समाधानात मिशीवर हात फिरवू लागले.

चढण तिला त्या दिवशी जड गेली नाही. गुडघा दुखत होता, पण दुखऱ्या गुडघ्याशी तिची जुनी ओळख होती. साग आणि धावड्याच्या सावलीतून गाई पुढे चालल्या होत्या. वाळल्या पानांवर त्यांचे खूर वाजत होते.

हेटी बांधणं तसं सोपं. जमिनीत दोन मेढी रोवायच्या, म्हणजे वर बेचकी असलेले खांब. त्या बेचक्यांत एक लांब, जाड लाकूड आडवं ठेवायचं. ते आढं. सगळं छप्पर त्याच्यावर पेलतं. भिंती तुराट्यांच्या, शेणानं लिंपलेल्या, आणि वर गवत. होळीला उतरताना गवत गुरांना घालायचं, तुराट्या सोडून द्यायच्या, पण आढं मेढींवर तसंच ठेवायचं. डोंगरातून जाणाऱ्याला ते दिसलं, की कळतं, ही माणसं परत येणार आहेत. वादळानं आढं पडलं तर ज्याला दिसेल त्यानं ते उचलून चढवायचं, मग त्या घराशी त्याचं वैर का असेना. आणि एखाद्या घरानं डोंगर सोडायचं ठरवलं, तर त्या घरातल्याच माणसानं आढं उतरवायचं आणि वाळवी लागू नये म्हणून दोन दगडांवर ठेवायचं. मग जागा मोकळी. तांड्यातला जो कोणी ते उचलून पुन्हा चढवेल, त्याची.

रुपीबाईचं आढं धावड्याचं होतं. तिच्या नवऱ्यानं, रामलालनं, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ते तोडून आणलं होतं. रामलालला जाऊन बरीच वर्षं झाली. मेढी दोनदा बदलल्या. आढं तेच होतं.

शेवटचं वळण आलं आणि झाडांच्या वर तिला धूर दिसला.

आधी तिला वाटलं, वणवा. पण वणव्याचा धूर असा सरळ वर जात नाही. हा चुलीचा धूर होता. गाई थांबल्या नाहीत. त्या नेहमीच्या वाटेनं नेहमीच्या वाडग्यात, गुरांच्या कुंपणात, शिरल्या आणि तिथे आधीच बांधलेल्या परक्या गुरांना हुंगू लागल्या.

हेटी उभी होती. तुराट्यांच्या भिंती, त्यांवर ओलसर लिंपण. छपरावर गवत आणि त्याच्यावर निळी ताडपत्री. दारात एक तरुण बाई तांदूळ निवडत बसली होती. ती गडबडून उठली आणि डोक्यावरून पदर घेत आत पाहून म्हणाली, "मामाजी, रुपीयाडी आली."

आतून देवसिंग बाहेर आला. तांड्याच्या खालच्या आळीतला, रुपीबाईहून पाच-सहा वर्षांनी लहान. एरवी तोंडाचा पट्टा चालू असलेला माणूस, पण आता त्याचे हात कुठे ठेवावेत तेच त्याला कळत नव्हतं.

"रामरामी, बाई."

"वाट चुकला काय, देवसिंग भिया?"

"बस नं. पाणी पी."

"माह्याच घरी मलेच बस म्हणतो?"

देवसिंगनं सुनेकडे पाहिलं. सुनेचं नाव पायल. ती पाण्याचा तांब्या घेऊन अर्ध्यात उभी राहिली.

"आमच्या टेकडीचा झिरा दसऱ्यालेच आटला," देवसिंग सांगू लागला. "गुरं घेऊन इकडून तिकडं फिरून राह्यलो होतो. इथं आलो तं तुह्यं आढं खाली होतं."

"वादळानं पडलं असन. पडलेलं आढं चढवून द्याची रीत आहे. त्याच्याखाली चूल मांडाची नाई."

"मले रीत शिकवतं का, बाई?" देवसिंग दुखावल्यासारखा म्हणाला. "पडलेलं अन् उतरवलेलं मले समजत नाई? दोन दगडावर होतं. खाली पळसाची पानं अंथरून. दोन्ही टोकाले राख लावलती, वाळवी लागू नये म्हणून. घरच्या माणसाशिवाय कोन करन एवढं?"

रुपीबाईनं वर आढ्याच्या टोकाकडे पाहिलं.

टोकांना राख लावायची युक्ती रामलालची. ती तिनं सुनीललाच शिकवली होती, दुसऱ्या कुणाला नाही.

हेटीचं काम आहे, मारोतरावांना सुनील म्हणाला होता. खोटं बोलला नव्हता.

ती दाराशी आली आणि आत पाहिलं. आढं वर होतं, काळंभोर, तुळतुळीत. त्याला साडीची झोळी बांधली होती आणि झोळीत एक तान्हं झोपलं होतं. पायलनं जाता जाता झोळीला झोका दिला. आढं करकरलं. हा आवाज रुपीबाईच्या ओळखीचा होता. सुनील याच आढ्याखाली झोपायचा.

"तुले ठाऊक नोयतं?" देवसिंगनं हळूच विचारलं. "खरं सांग, बाई. तुले न इचारता केलं असन त्यानं, तं जागा तुहीच. म्या पोराईले बोलावतो, उद्याच उतरवतो. तांड्याच्या नायकासमोर उभे राहू, तू सांगजो काय झालं ते. पण..."

"पण काय?"

"तांड्यात बोलतीन. माय जिती असताना पोरानं तिचं आढं उतरवलं म्हणतीन. पाणी भराले गेली तं तुह्या सुनेले ऐकवतीन. हे म्या नाई बोलून राह्यलो, लोकं बोलतीन."

"थांब जरा," रुपीबाई म्हणाली. "पाह्यते."

देवसिंग दारातच थांबला.

ती हेटीच्या भोवती फिरली. तिला खोट हवी होती. काहीतरी चुकीचं, काहीतरी निष्काळजी, जे पाहून म्हणता आलं असतं, की या लोकांच्या हाती माझी जागा देता येणार नाही. वाडग्याचं कुंपण तिनं हलवून पाहिलं. पक्कं होतं. वासरं वेगळी, वाऱ्याच्या आडोशाला बांधली होती. खाली झिऱ्यावर गेली. गाळ काढून कडेला दगड रचले होते आणि गुरांसाठी वेगळी कुंडी केली होती. तिनं स्वतः इतक्या वर्षांत केली नव्हती. खैरी त्या कुंडीत तोंड घालून आरामात पाणी पीत होती.

"तुले बरं जमलं," रुपीबाई तिला म्हणाली. "आल्याबरोबर घरची झाली."

खैरीनं तोंड वर केलं, ओठांवरून पाणी गळत होतं, आणि पुन्हा खाली घातलं.

रुपीबाई कुंडीच्या कडेला बसली. डोंगर नेहमीसारखा होता. गवत पिवळं पडलं होतं, वाऱ्यानं एका अंगाला झुकलं होतं. खाली लांबवर वावरं दिसत होती. इथे ती भांडू शकत होती. नायक तिच्या बाजूनं बोलला असता, रीतही तिच्या बाजूची होती. फक्त एवढंच म्हणायचं होतं, की माझ्या पोरानं मला फसवलं. एवढं म्हटलं की जागा परत. आणि मग होळीपर्यंत त्या आढ्याखाली तिनं एकटीनं राहायचं, आणि खाली सुनीलनं मान खाली घालून तांड्यातून जायचं.

ती वर आली तेव्हा देवसिंग तिथेच उभा होता.

"ठाऊक कसं नाई?" ती म्हणाली. "म्याच सांगतलं त्याले."

"तुनं?"

"मंग? माह्यं आढं माह्या मर्जीबिगर कोन उतरवते?"

देवसिंगनं वाडग्याकडे पाहिलं. "मंग एवढी गुरं कायले हाकलत आणली?"

"तुह्यापाशी ठेवाले. माह्याच्यानं आता होत नाई. दूध तुह्यं. कालवड झाली तं एक तुह्यी, एक माह्यी. पटते का?"

"अन् आल्या आल्या भांडत होती ते?"

"पाहून राह्यली होती, नवा घरधनी बोलते कसा."

"अन् कसा बोलते?"

"लय बोलते."

पायल फिस्सकन हसली आणि तोंडाला पदर लावला. देवसिंग मात्र हसला नाही. तो बराच वेळ रुपीबाईकडे पाहत राहिला. तिनंही नजर हटवली नाही. शेवटी त्यानंच मान वळवली.

"पायल," तो म्हणाला, "चहा ठेव. गुळाचा कर. पाहुणी आली."

पाहुणी घोंगडीवर बसली. चहा आला तसा तिनं पायलला गाईंचं सांगायला सुरुवात केली. खैरी डाव्या अंगानं दोहू देत नाही. मोरी गाभण आहे, तिला उतारावर नेऊ नको. चांदी रात्री दावं सोडवते, तिची गाठ दोनदा मार. पायल प्रत्येक गोष्ट पुन्हा म्हणून दाखवत होती आणि चुकलं की रुपीबाई तिला परत पहिल्यापासून म्हणायला लावत होती. झोळीतलं लेकरू जागं झालं. रुपीबाईनं बसल्या जागेवरून हात लांबवून झोका दिला.

निघताना तिनं गाठोडं तिथेच ठेवलं. "पीठ परत कायले नेऊ," ती म्हणाली. तापाच्या गोळ्याही काढून घेतल्या नाहीत. "लेकरू आहे घरात."

"बाई," देवसिंग वळणापर्यंत पोचवायला आला. "मनात येईन तवा येजो. हेटी तुहीच समज."

"नाई," रुपीबाई म्हणाली. "ज्यानं चढवलं त्याची. रीत आहे."

ती तांड्यात पोचली तेव्हा उन्हं कलली होती. सुनील अंगणात होता. कामाला गेलाच नव्हता. त्यानं आधी आईकडे पाहिलं, मग तिच्यामागच्या रिकाम्या वाटेकडे.

"गाई?"

"देवसिंगपाशी."

सुनील उभाच राहिला. ममता दारात आली आणि चौकटीला धरून थांबली.

"याडी, म्या सांगनार होतो," सुनील म्हणाला. "रोज ठरवत होतो. तोंडातून निघे नाई. मले वाटलं, तू वर जाशीन, खाली ठेवलेलं पाह्यशीन, अन् फिरून येशीन. तिथं कोनी राहाले येईन असं ध्यानातच नाई आलं." तो थांबला. "मागच्या साली म्या तुले पाठीवर आणलं तवा तू वळखत नोयती मले. बाबाचं नाव घेऊन हाका मारत होती."

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती ओट्यावर बसली, पायातल्या चपला काढल्या, गुडघा दाबला.

"एकट्यानं उतरवलं?"

"हाव."

"कसं रे? दोघं लागते त्याले. एक टोक सुटलं असतं अन् छातीवर आलं असतं तं?"

"कोनाले संग नेलं असतं तं साऱ्या तांड्याले मालूम झालं असतं."

"तसंही होईन आता," रुपीबाई म्हणाली. "कोनी इचारलं तं सांगजो, याडीनं सांगतलं होतं. दोघाईचं बोलनं एकच पायजे."

सुनीलनं मान वर केली. ममता पाणी आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

रुपीबाई उठून गोठ्यात गेली. सकाळची वैरण गव्हाणीत अर्धी तशीच पडली होती. खुंट्यांना दावी बांधलेली होती, रिकामी. तिनं वाकून खैरीच्या खुंट्याला हात घातला.

"काय करतं?" मागून सुनीलनं विचारलं.

"दावी सोडते. उद्या देवसिंगले नेऊन देजो. परक्या दाव्यानं गाईची मान सोलते."

गाठ इतक्या वर्षांत दगडासारखी झाली होती. तिच्या बोटांना ती ऐकेना. सुनील तिच्या बाजूला जमिनीवर बसला. एक पीळ तिनं धरला, दुसरा त्यानं, आणि दोघं ओढू लागली. गाठ सुटली तशी दोघं शेजारच्या खुंट्याकडे सरकली.